आधी थांबून बघू

छाटणीला आठ दिवस होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, द्राक्षबागेतल्या शेडमध्ये कात्र्यांना धार लावत बसले होते आणि दादा ब्लोअरची नळी बघत होता. दादाने काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून वळून पाहिलं, तर अण्णा उजव्या अंगावर कलंडलेले. तोंड वाकडं, डोळे अर्धवट मिटलेले. सप्टेंबर २०१४. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात याला अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. शेजारच्या आजींनी तेवढंच म्हणून पदर तोंडाला लावला. दादाने मात्र वेळ घालवला नाही. गाडी दारात होती, मिरज फार लांब नाही. मी कोल्हापुराहून पोहोचले तोवर सीटी स्कॅन होऊन फिल्म डॉक्टरांच्या हातात आली होती.

मेंदूच्या डाव्या बाजूला, अगदी आत, एक पांढरा गोळा. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पांढरं आहे म्हणजे बरं असेल, असं मला क्षणभर वाटून गेलं.

न्यूरोसर्जन चाळिशीचे असतील. फिल्म उजेडात धरून ते म्हणाले, “ताई, बीपीमुळे आतली बारीक रक्तवाहिनी फुटलीय. गाठ तीस एमएलच्या आसपास आहे. जीसीएस, म्हणजे शुद्धीचा आकडा, अकरा. ऑपरेशन करून गाठ काढता येईल. पण काढली म्हणजे ते जास्त बरे होतील, असं मी सांगू शकत नाही. नाही काढली तर जास्त बिघडतील, असंही नाही. यावर दोनदा मोठा अभ्यास झालाय. आपण आधी थांबून बघू.”

दादा म्हणाला, “पैशाचं बघतो मी. तुम्ही ऑपरेशन करा.” डॉक्टर म्हणाले, पैशाचा प्रश्न नाहीये. आणि तिथेच सगळं बिनसलं. पैशाचा प्रश्न नाही म्हणजे आशाच नाही, असा अर्थ आम्ही लावला. बाहेर बाकड्यावर मामांनी निकाल देऊन टाकला: “डॉक्टरच म्हणतोय सांगता येत नाही, मग आपण इथं कशाला आलोय?” रात्री नऊपर्यंत पुण्याला हलवायचं, मुंबईला हलवायचं, अमक्याच्या साडूला विचारायचं, हे सगळं बोलून झालं. मी गप्प होते, पण मनातून मामांच्याच बाजूने होते. ज्या माणसाच्या हातात सुरी आहे, त्याला ती कधी चालवायची हेही माहीत असलं पाहिजे.

आता यातला माझा ओशाळेपणा सांगून टाकते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दर वर्षी दुसऱ्या सत्रात मी मुलांना सांगत आले आहे की दोन उपायांत कोणता चांगला हे अनुभवाने कळतं असं वाटतं, पण अनुभव फसवतो. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा, मग मोजा. ही युक्ती शेतातून आली, हे सांगताना मला नेहमी मजा यायची. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेतांवर १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशरने कोणत्या वाफ्याला कोणतं खत घालायचं ते नशिबावर सोडलं, आणि तिथून ती पद्धत औषधांपर्यंत पोचली. अण्णा तर फिशरचं नाव न ऐकता हेच करायचे. नवीन संजीवक आलं की अर्ध्या ओळींना मारायचे, अर्ध्या कोऱ्या ठेवायचे. फक्त चिठ्ठ्या टाकत नसत. रस्त्याकडच्या ओळी नेहमी औषधवाल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून. त्यावरून मी त्यांना चिडवायची. अशी मी, आणि आयसीयूच्या बाहेर एका माणसाने मला ‘मोजून पाहिलंय, फरक दिसत नाही’ असं सांगितलं, तेव्हा मला तो माणूस पळपुटा वाटला.

त्या दहा-अकरा दिवसांत ‘जीसीएस’ हा शब्द घरचा झाला. आई फोनवर नातेवाइकांना सांगायची, “आज अकराच आहे.” जणू तापच मोजतोय. त्यातलं जी म्हणजे ग्लासगो. १९७४ साली ग्लासगोमधल्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी ही मोजपट्टी मांडली. डोळे कशाने उघडतो (ई), बोलतो कसा (व्ही), सांगितलं तर हात हलवतो का (एम), एवढंच बघायचं. त्याआधी बेशुद्धी सांगायला प्रत्येकाचे आपापले शब्द होते, गुंगी, ग्लानी, अर्धी शुद्ध. रात्रपाळीच्या सिस्टरने लिहिलेलं सकाळच्या डॉक्टरला तसंच कळेल याची खात्री नव्हती. पट्टी आली आणि ती खात्री आली. आज मिरजेतल्या आयसीयूत विशीतली मुलगी टॉर्च मारून ‘ई तीन, व्ही दोन, एम सहा’ असं लिहिते, ते ग्लासगोतही तसंच वाचलं जातं.

संख्याशास्त्राची बाई म्हणून माझं या पट्टीशी थोडं भांडण आहे. तीन वेगवेगळ्या गोष्टींचे क्रमांक आहेत ते, त्यांची बेरीज कशी करता? मूळ लेखात ती बेरीज नव्हतीच, ती मागाहून चिकटली. अण्णांचा ‘व्ही दोन’ हा बेशुद्धीचा दोन नव्हताच. वाचेचं केंद्र असलेल्या बाजूलाच रक्त साचल्यामुळे शब्द अडकले होते, आत माणूस जागा होता. पण बेरजेत त्यांचे अकरा आणि दुसऱ्या कुणाचे अकरा सारखेच. असो. कोणतीच पट्टी नसण्यापेक्षा ही बरी, हे मान्य.

अण्णांवर ऑपरेशन झालं नाही. तिसऱ्या रात्री आकडा नऊवर आला, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं गेलं, सही घेतली गेली. पहाटेपर्यंत तो पुन्हा दहा झाला आणि सही फाइलमध्येच राहिली. सव्वीस दिवसांनी आम्ही त्यांना घरी आणलं. उजवा हात निकामी, उजवा पाय ओढत, आणि जवळ पाच-सात शब्द. छाटणी दादाने एकट्याने उरकली.

ते ‘दोनदा मोठा अभ्यास झालाय’ माझ्या डोक्यातून मात्र गेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी तो अभ्यास शोधून काढला. खरं सांगायचं तर डॉक्टरांची चूक शोधायलाच बसले होते.

सापडलं एक नाव. ए. डेव्हिड मेंडेलो, न्यूकॅसलचे न्यूरोसर्जन. पहिला अभ्यास त्यांचा, दुसराही त्यांचाच. मग मागे मागे जात राहिले आणि या माणसाच्या कामात मला एक गोष्ट दिसायला लागली, जी डॉक्टरांच्या चुकीपेक्षा जास्त धरून ठेवणारी होती.

मेंडेलोंचं सुरुवातीचं काम ग्लासगोमधलं, त्याच टीसडेल आणि जेनेट यांच्याबरोबर. १९८३ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख लिहिला, तो मी आता दर वर्षी वर्गात वापरते. प्रश्न साधा होता. डोक्याला मार लागलेली माणसं रोज शेकड्यांनी येतात. सीटी स्कॅन तेव्हा मोजक्या ठिकाणी. कोणाच्या कवटीच्या आत रक्त साचणार, हे कसं ओळखायचं? त्यांनी दोनच गोष्टी घेतल्या: कवटीला तडा आहे का, आणि माणूस पूर्ण भानावर आहे का. तडा नाही आणि भानावर आहे, तर धोका ५,९८३ मध्ये एक. तडा नाही पण भान नीट नाही, तर १२१ मध्ये एक. तडा आहे पण भानावर आहे, ३२ मध्ये एक. तडाही आहे आणि भानही नाही, तर चारात एक. हे चार आकडे मी फळ्यावर लिहिते आणि काही बोलत नाही. आमच्याकडे वर्गात दर वर्षी एक तरी मुलगा असतो ज्याचा भाऊ किंवा मित्र हेल्मेटशिवाय पडलेला असतो. तो पोरगा त्या चारांपैकी एका आकड्याकडे टक लावून बघत बसतो.

त्याच काळात ग्लासगोच्या प्रयोगशाळेत दुसरं काम चाललं होतं. उंदराच्या मेंदूत, अण्णांना जिथे रक्तस्राव झाला साधारण त्याच खोल भागात, एक अतिसूक्ष्म फुगा ठेवायचा. फुगवला की रक्ताच्या गाठीसारखा दाब. काही उंदरांत तो फुगलेलाच ठेवला, काहींत थोड्या वेळाने रिकामा केला, म्हणजे जणू सर्जनने गाठ काढली. ज्यांत रिकामा केला, त्यांच्या मेंदूचं नुकसान कमी निघालं. गाठीच्या भोवती मेंदूचा एक पट्टा असतो, तो मेलेला नसतो, रक्त अपुरं मिळाल्याने नुसता गुदमरलेला असतो. दाब वेळेत काढला तर तो वाचू शकतो. तर्क स्वच्छ आहे. दादा बाकड्यावर बसून हेच म्हणत होता, “घाण आत साचलीय तर काढून टाकायला नको का?”

उंदरांनी ‘काढा’ म्हटलं होतं. बहुतेक माणसं इथे थांबली असती. हातात सुरी, पाठीशी प्रयोगशाळा, समोर मरणाच्या दारातला रुग्ण. लोक गाठी काढत होतेच. कुठे किती काढतात याचे आकडे मेंडेलो आणि त्यांच्या सहकारी बार्बरा ग्रेगसन यांनी पुढे प्रसिद्ध केले, ते पाहून मी दोनदा तपासले. लिथुआनियात अशा रुग्णांपैकी ७४ टक्क्यांवर शस्त्रक्रिया, हंगेरीत २ टक्क्यांवर. मेंदू तोच, रक्त तेच. इतका फरक असतो तेव्हा दोन्हीकडचे डॉक्टर आपापल्या ठिकाणी ठाम असतात, आणि निदान एका बाजूचं काहीतरी चुकत असतं.

याचं उत्तर शोधायचा प्रयत्न आधी एकदा झाला होता. १९६१ साली लंडनच्या वायली मॅकिसॉक यांनी १८० रुग्णांचे दोन गट करून शस्त्रक्रियेची तुलना केली, आणि शस्त्रक्रियेचा फायदा दिसला नाही. पण तेव्हा गाठ नेमकी कुठे आणि केवढी हे दिसतच नव्हतं. रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेवरून अदमास बांधायचा. गंमत अशी की मॅकिसॉक ज्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात काम करत, तिथेच दहा वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, जगातल्या पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. गॉडफ्रे हाउन्सफिल्डने तयार केलेलं यंत्र. मला तो पांढरा गोळा दिसला तो त्या यंत्रामुळे. तर सीटी आल्यावर तो जुना निकाल कितपत धरायचा, हा प्रश्न होताच.

मेंडेलोंनी जो अभ्यास उभा केला त्याचं नाव स्टिच. टाका, शिवण. अशी नावं शोधण्यात या लोकांचा हात कुणी धरणार नाही. निकाल २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला: २७ देश, ८३ केंद्रं, १,०३३ रुग्ण. रक्तस्रावानंतर ७२ तासांच्या आत चिठ्ठी टाकायची. निम्म्यांवर २४ तासांत शस्त्रक्रिया, बाकीच्यांवर औषधोपचार.

या अभ्यासाची एक अट मी वाचली तेव्हा खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. अट अशी, की सर्जनला स्वतःलाच खात्री नसेल तरच रुग्ण अभ्यासात घ्यायचा. या रुग्णाला कापलंच पाहिजे असं वाटत असेल तर घेऊ नका, सरळ कापा. कापू नये असं वाटत असेल तरीही घेऊ नका. ज्याच्याबद्दल मनाचा काटा मधोमध उभा राहतो, तोच घ्या. म्हणजे ते हजार रुग्ण निवडले गेले ते आजाराच्या जोडीला ८३ ठिकाणच्या सर्जनांच्या शंकेमुळे. आपली शंका कागदावर कबूल करायला एवढे सर्जन तयार झाले, हेच मला अचाट वाटतं. मिरजेच्या त्या डॉक्टरांनी फिल्म धरून जे सांगितलं होतं, ते हेच होतं. फक्त आमच्याकडे त्याला फॉर्म नव्हता.

निकाल? सहा महिन्यांनी, लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २६ टक्के बऱ्या अवस्थेत. आधी औषधांवर ठेवलेल्यांपैकी २४ टक्के.

मी वर्गात शिकवल्यासारखं मनात म्हटलं, फरक लक्षणीय नाही. मग दुसरी गोष्ट जाणवली आणि लॅपटॉप मिटला. सव्वीस आणि चोवीस. मी फरकाकडे बघत होते, पण दोन्ही आकडे मुळातच किती लहान आहेत! कापा नाहीतर कापू नका, चारातले तीन वाईटच. हे डॉक्टरांनी आम्हाला त्या दिवशी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं का, यावर माझं आणि दादाचं अजून एकमत नाही. मला वाटतं हवं होतं. दादा म्हणतो, बरं झालं नाही सांगितलं, आईने त्या रात्री अन्न सोडलं असतं.

कल्पना करा, तुम्ही तीस वर्षं मेंदूची शस्त्रक्रिया करताय. उंदरांवरचा तुमचाच प्रयोग सांगतोय की गाठ काढल्याने फायदा होतो. तुम्ही जगभरातल्या सर्जनांना गोळा करता, आणि शेवटी लेखावर पहिलं नाव तुमचं, आणि लेख सांगतो की तुमच्या सुरीने सरासरी काही फरक पडला नाही. दुकानदाराने आपल्याच मालावर ‘उपयोग सिद्ध झालेला नाही’ अशी चिठ्ठी लावण्यातला हा प्रकार. आणि तो निकाल छापून मेंडेलो दुसऱ्या विषयाकडे वळले नाहीत.

अर्थात निकाल वाचायलाही शिकावं लागतं. जे ठाम होते ते अभ्यासात आलेच नाहीत. ज्याची गाठ पृष्ठभागाजवळ आहे आणि जो डोळ्यांदेखत बिघडतोय अशा तरुण रुग्णाला कुठला सर्जन चिठ्ठीवर सोडेल? तेव्हा ‘शस्त्रक्रिया निरुपयोगी’ असं स्टिच सांगत नाही. ‘जिथे शंका आहे तिथे घाईने फायदा नाही’ एवढंच सांगतो. आणखी एक. औषधांच्या गटातल्या २६ टक्के रुग्णांवर नंतर शस्त्रक्रिया झालीच, बहुतेक त्यांची प्रकृती ढासळली म्हणून. म्हणूनच लेखाच्या शीर्षकात त्या गटाच्या उपचाराला नुसतं औषधोपचार म्हटलेलं नाही. त्यामागे एक शब्द जोडलाय, ‘आधी’. आधी औषधोपचार, म्हणजे पुढचं दार उघडं ठेवून. डॉक्टरांचं वाक्य मला लख्ख आठवलं. ‘आपण आधी थांबून बघू.’ आम्ही सगळ्यांनी त्यातलं ‘थांबून’ तेवढं ऐकलं होतं. तिसऱ्या रात्री तयार ठेवलेली ओटी आणि फाइलमधली सही, हे त्या ‘आधी’चं पुढचं पान होतं.

पहिल्या अभ्यासात एक बारीक खूण दिसली होती: गाठ मेंदूच्या पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरच्या आत असेल तर शस्त्रक्रियेने थोडा फायदा होत असावा. अशा खुणांवर भाळू नये हे आम्ही मुलांना शिकवतो, कारण माहिती पुरेशी चाळली की काही ना काही सापडतंच. मेंडेलोंनी योग्य तेच केलं, फक्त तसल्या रुग्णांसाठी दुसरा अभ्यास काढला. स्टिच दोन, ६०१ रुग्ण, निकाल २०१३. वाईट अवस्थेत शस्त्रक्रियेच्या गटात ५९ टक्के, औषधांच्या गटात ६२ टक्के. पुन्हा तेच. शस्त्रक्रियेच्या बाजूला जगण्याचा किंचित जास्त संभव, पण ठामपणे बोलता येईल इतका नाही. अण्णा पडले ते याच्या पुढच्याच वर्षी. आमचे डॉक्टर वाचत होते म्हणायचे.

तिसऱ्या अभ्यासाची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. मार लागून मेंदूच्या आत रक्त साचलेल्यांसाठीचा हा अभ्यास, भारतातली केंद्रंही त्यात होती. ८४० रुग्ण घ्यायचं ठरलं होतं. पण खर्च ब्रिटनच्या सरकारी निधीतून, आणि ब्रिटनमध्ये रुग्ण फार हळू मिळत होते, म्हणून निधी देणाऱ्यांनी मध्येच थांबवला. तोवर १७० झाले होते. आणि त्या १७० मध्ये सहा महिन्यांनी मृत्यूचं प्रमाण असं: लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत १५ टक्के, थांबलेल्यांत ३३. आयुष्यभर ‘फरक नाही’ लिहिलेल्या माणसाला पहिल्यांदा फरक दिसतोय असं वाटलं, आणि खात्री करून घ्यायला रुग्णच उरले नाहीत. १७० वर छातीठोक बोलता येत नाही. मी असते तर मीही नसते बोलले. पण त्या अभ्यासासाठी कुणी पुन्हा पैसे उभे करायला हवे होते, असं एक शेतकऱ्याची मुलगी म्हणून वाटतं. प्लॉट अर्धवट सोडला की त्या वर्षीचं उत्पन्न जातं आणि पुढच्या वर्षीची अक्कलही.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. २०२४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने, ३०० रुग्णांवर, दाखवलं की कवटी मोठी न उघडता बारीक नळीतून २४ तासांच्या आत गाठ काढली तर पृष्ठभागाजवळच्या गाठींत खरोखर फायदा होतो. खोलवरच्या गाठींत, म्हणजे अण्णांच्या जागेच्या गाठींत, तो दिसला नाही. तसे रुग्ण घेणं त्यांनी मध्येच बंद केलं. त्याच्या आदल्या वर्षी दहा देशांतल्या, भारत धरून, ७,०३६ रुग्णांवरचा निकाल आला होता. त्यात सुरीच नव्हती. तासाभरात बीपी १४० च्या खाली आणा, साखर सांभाळा, ताप चढू देऊ नका, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा उतारा द्या. हे सगळं एकत्र आणि वेळेत केलं की रुग्ण जास्त बरे होतात. ते वाचताना मला अण्णांच्या उशाशी टिकटिक करणारा तो पंप आठवला, ज्यातून थेंबथेंब बीपीचं औषध जात होतं. मामा त्याच पंपाकडे बोट दाखवून म्हणाले होते, “काहीच करत नाहीयेत हे लोक.”

एक हिशेब मी कुणाला सांगितलेला नाही. स्टिचमध्ये प्रत्येक रुग्णाला एकच निकष लावलेला नव्हता. आधी एक गुणांक काढायचा: जीसीएसची दहापट, वजा वय, वजा गाठीच्या एमएलची ०.६४ पट. उत्तर २७.६७२ पेक्षा कमी आलं तर रुग्णाचं भवितव्य मुळात वाईट, मग त्याच्यासाठी ‘बरी अवस्था’ ही पायरी थोडी खाली. फिल्म माझ्याकडे होती. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून निम्मा करायचा, गाठ मोजायची ती सोपी रीत. पाच, चार, तीन, साठचे तीस. डॉक्टरांनी नजरेने सांगितले होते तेवढेच. मग ११० वजा ७१ वजा १९.२. हॉस्पिटलच्या बिलाच्या पाठीमागे मी ते लिहिलं. १९.८. अण्णा वाईट भवितव्याच्या गटात.

त्या गटातल्या रुग्णासाठी बरं की वाईट हे एका प्रश्नावर येऊन अडकू शकतं. सहा महिन्यांनी पोस्टाने घरी प्रश्नावली जायची. त्यात ग्लासगोचीच आणखी एक पट्टी: बाजारहाट एकट्याने करतो का, गावात एकटा फिरतो का, पूर्वीचं काम करतो का. अण्णांसाठी या सगळ्यांची उत्तरं नाही, नाही आणि नाही. उरतो तो एक प्रश्न. गरज पडली तर या माणसाला दिवसा आठ तास घरी एकटं ठेवता येईल का? हो म्हटलं तर माझे वडील त्या २४ टक्क्यांच्या ढिगात. नाही म्हटलं तर दुसऱ्या.

सहा महिने म्हणजे मार्च २०१५, ऐन माल काढणीचे दिवस. त्या दिवशी व्यापाऱ्याची माणसं आली होती, घरचे सगळे बागेत. आईने अण्णांच्या खाटेशेजारी तांब्या, बिस्किटं आणि घंटी ठेवली. दहा वाजता आम्ही निघालो. चारच्या सुमारास मी चहा करायला परत आले, तर खाट रिकामी. तांब्या तसाच. घंटी खाली पडलेली. मी आरडाओरडा करत बांधावरून धावले.

अण्णा शेडमध्ये होते. काठी मांडीवर आडवी, उजव्या पायात डाव्या पायाची चप्पल, धोतराला माती. घरापासून शेडपर्यंत पाऊण किलोमीटर आहे, मध्ये एक ओढा आहे. डाव्या हाताने घडातले मणी एकेक तोडून खात बसले होते, आणि रस उजव्या गालावरून ओघळत होता, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. दादा क्रेट टाकून आला. अण्णांनी त्याच्याकडे बघून काहीतरी लांबलचक सांगितलं, चांगलं दोन-तीन मिनिटं, हात वर करून, मधूनच रागावून. एकही शब्द लागला नाही.

“हो अण्णा,” दादा म्हणाला. “तसंच करतो.”

दहा ते चार म्हणजे सहा तास. शेडपर्यंतचा वेळ घरात धरायचा की नाही, ते प्रश्नावलीत लिहिलेलं नाही.